परसात बांबूचे बेट असलेले घर घेताना

आष्टी, कारंजा, आर्वी या भागात जुने घर विकायला निघाले की त्याच्यासोबत बरेच काही येते. कवेलूचे छप्पर, सामाईक विहिरीतला हिस्सा, मागच्या सांदवाडीतले लिंबू-सीताफळ आणि पुष्कळदा कोपऱ्यातले एक बांबूचे बेट. संत्र्याच्या पट्ट्यात बांबू घराजवळ असणे सोयीचेच. आंबिया किंवा मृगाचा बहार भरला की फळांनी वाकलेल्या फांद्यांना टेकू द्यावे लागतात, आणि ते बांबूचेच असतात. विकणारा म्हणूनच हे बेट कौतुकाने दाखवतो. घेणाऱ्याच्या घरात मात्र दोन तट पडतात. तरुण मंडळींनी मोबाईलवर कुठेतरी पाहिलेले असते की बांबूने परदेशात कुणाच्या दिवाणखान्याची फरशी फोडून वर डोके काढले. वडीलधाऱ्यांना सापांची धास्ती असते. मग सौद्यात एक अट येते: इसार देतो, पण रजिस्ट्रीआधी ते बेट काढून टाका.

ही अट घालण्याआधी थोडे थांबावे. बहुतेक ठिकाणी बेट काढण्याची गरज नसते, आणि घाईने काढले तर घराला ते उलट महागात पडू शकते. बांबूपासून त्रास होऊ शकतो, हे खरे. पण तो होतो वेगळ्याच जागी, जिकडे घर पाहायला आलेल्यांचे सहसा लक्ष जात नाही.

परदेशातल्या त्या फरशीची गोष्ट खोटी नाही, फक्त ती दुसऱ्या बांबूची आहे. बांबू हे गवत. त्याचा खरा संसार जमिनीखाली असतो, कंदाच्या रूपात. या कंदाच्या दोन तऱ्हा आहेत. एका तऱ्हेत कंद लांब, बारीक असतो आणि दोरीसारखा जमिनीखालून आडवा पळत राहतो. त्याच्या डोळ्यांतून इथे एक, चार हातांवर दुसरा, शेजाऱ्याच्या अंगणात तिसरा असे बांबू उगवतात. चीन-जपानकडचा फायलोस्टॅकिस हा या पळणाऱ्या जातीतला. इंग्लंड-अमेरिकेत शोभेसाठी तो लावला गेला आणि आवरेनासा झाला. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने तर २०१३ मध्ये त्यासाठी कायदाच केला. शेजाऱ्याच्या हद्दीपासून ४० फुटांच्या आत हा बांबू ठेवायचा तर जमिनीत त्याला अडवणारी भिंत घालावी लागते, आणि पसरून नुकसान केले तर भरपाई लावणाऱ्याने द्यायची. ज्यांची मुले तिकडे घर बघत असतील त्यांनी त्यांना हे जरूर सांगावे.

दुसऱ्या तऱ्हेत कंद आखूड आणि जाड असतो. तो थोडासा पुढे सरकतो, टोक वर वळवतो आणि त्याचाच बांबू होतो. पुढच्या वर्षीचा कंद त्याच्या बगलेतून फुटतो. त्यामुळे बांबू एकमेकांना खेटून उगवतात, त्यांचे बेट होते, आणि ते दरवर्षी घेराने थोडेसे वाढते. विदर्भात आपल्याला भेटणारा बांबू जवळजवळ सगळा याच तऱ्हेचा. मानवेल, म्हणजे डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस, हा आपल्याकडचा नेहमीचा. कोरड्या जागी तो जवळजवळ भरीव वाढतो, म्हणून लाठ्या-काठ्यांना त्याचा मान. दुसरा कटांग, बांबुसा बांबोस. हा काटेरी, पोकळ आणि राक्षसी वाढणारा, चांगल्या जागी ३० मीटरपर्यंत जाणारा. रोपवाटिकेत हिरव्या रेघांचा पिवळाधमक बांबू मिळतो, तोही बेट करणाराच. (काचेच्या भांड्यात पाण्यात ठेवलेला ‘लकी बांबू’ हा तर बांबूच नव्हे. ती ड्रॅसिना नावाची वेगळीच वनस्पती आहे.)

तेव्हा घर पाहायला गेल्यावर पहिले काम सोपे आहे. बांबू एका मुठीत धरल्यासारखे एकत्र उभे आहेत, की अंगणभर सुटेसुटे आले आहेत, एवढे बघा. सुटेसुटे असतील आणि फांद्या फुटतात त्या बाजूने पेराला उभी पन्हळ असेल तर तो पळणारा बांबू असू शकतो. मग जाणकाराला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. मुठीतला असेल तर परदेशातली भीती परदेशात ठेवावी.

मुठीतल्या बांबूचा कोंब भिंत फोडत नाही का? नव्या कोंबात जोर मोठा असतो. तो जमिनीतून निघतो तोच आपल्या पूर्ण जाडीनिशी; पुढे तो जाड होत नाही, फक्त उंच होतो आणि तीन-चार महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. अंगणात नुसत्या मातीवर मांडलेल्या फरश्या, जोत्याभोवतीचा पातळ सिमेंटचा पट्टा, आधीच तडकलेली नाली यांना तो सहज उचलतो. पण धड बांधलेला पाया भेदणे त्याच्या आवाक्यातले नाही. बांबूची मुळे गवतासारखी तंतुमय, बरीचशी वरच्या दीड-दोन फुटांत पसरलेली. वडा-पिंपळाच्या मुळाप्रमाणे ती भिंतीत शिरून फुगत नाहीत. ओलाव्याकडे मात्र ती जातात. म्हणून शौचालयाची टाकी आणि शोषखड्डा बेटापासून किती दूर आहे ते विचारावे.

घराच्या भिंतीला मोठी, तिरपी भेग दिसली की आपण बेटाकडे बोट दाखवतो. आपल्या भागात तिचे कारण अनेकदा जमिनीत असते. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. हीच माती घराखाली असेल तर घरही दरवर्षी थोडे वर-खाली होत असते. सगळे घर सारखे हलले तर बिघडत नाही. एक कोपरा वेगळा हलला की भिंत तडकते. आता त्या एका कोपऱ्याला खेटून बांबूचे मोठे बेट असेल तर ते तिथली ओल ओढून घेते, माती जास्त आकसते आणि कोपरा खचतो. बांबूचा दोष असलाच तर तो इथे, आणि तोही काळ्या मातीच्या संगतीने. मुरमाड जमिनीवरच्या घराला ही काळजी फारशी नाही.

घाईने बेट काढू नये असे म्हटले ते यासाठीच. वर्षानुवर्षे भिंतीजवळ उभे असलेले जुने बेट जेसीबीने एका दिवसात उपटले तर दोन गोष्टी होतात. ज्या मातीतली ओल बेट शोषत होते ती माती आता ओली राहते आणि फुगते. शिवाय पायालगत मोठा खड्डा उरतो. तो सैल मातीने बुजवला तरी पावसाळ्यात पाणी नेमके तिथे मुरते. बेट भिंतीला खरोखरच खेटलेले असेल आणि ते नको असेल तर त्याला उपाशी मारणे बरे. हिवाळ्यात सगळे बांबू कापावेत आणि पावसाळ्यात येणारा प्रत्येक कोंब हातभर व्हायच्या आत मोडावा. कंदात साठवलेला पिठूळ साठा दर कोंबामागे खर्च होतो, पाने नसल्याने नवा साठा होत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत कंद थकतो. यात कष्ट कमी आणि चिकाटी जास्त लागते, म्हणून लोकांना जेसीबी आवडतो.

अंतराचा ढोबळ हिशेब विचाराल तर, मानवेलीचे बेट भिंतीपासून दहा-बारा फुटांवर असेल तर मी ते खुशाल राहू देईन. कटांग त्याच्या अडीचपट तरी दूर हवा. खरे तर गावठाणातल्या परसात कटांग नकोच. त्याच्या काटेरी फांद्या बेटाच्या पायथ्याशी इतक्या गुंततात की आत हात घालून साफसफाई करता येत नाही. वर बघायलाही विसरू नये. वाऱ्यात झुकणारे शेंडे विजेच्या तारांना लागत असतील, कवेलूवर घासत असतील तर ते आधी विकणाऱ्याकडून छाटून घ्यावेत.

आता आरोग्याकडे वळू. बांबूच्या परसात सर्वांत दुर्लक्षित धोका म्हणजे कापलेल्या बांबूचे खुंट. बांबू पेरांच्या मधोमध कापला की वर उघडा कप तयार होतो आणि त्याला खाली पेराच्या पडद्याचा तळ असतो. पावसात तो भरतो. दाट पानांच्या सावलीत पाणी लवकर आटत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांना याहून चांगले घर कोणते? त्यातला एडिस अल्बोपिक्टस, ज्याला आशियाई टायगर डास म्हणतात, तो तर मुळात झाडांच्या ढोल्या आणि बांबूच्या खुंटांतच वाढत आलेला. टायर, कुंड्या, फुटके माठ त्याला नंतर सापडले. वाटीभर पाणी त्याला पुरते. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. अंडी पाण्याच्या रेषेवर कपाच्या भिंतीला चिकटवलेली असतात आणि ती कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहू शकतात. म्हणजे गेल्या वर्षीच्या खुंटात घातलेली अंडी यंदाच्या पहिल्या जोरदार पावसात फुटू शकतात. नगर पंचायतीचा कर्मचारी कूलर बघतो, रांजण बघतो, टाकी बघतो. बेटात वाकून कुणी बघत नाही.

इथे जातीचा फरक पुन्हा कामी येतो. कोरड्या जागची मानवेल भरीव, तिच्या खुंटात पाणी साचायला जागाच थोडी. कटांग आणि पिवळा शोभेचा बांबू पोकळ, त्यांच्या खुंटात चांगले पेलाभर पाणी मावते. परसात पोकळ बांबू असेल तर प्रत्येक जुना खुंट तपासावा आणि उघडा दिसेल त्यात माती किंवा रेती ठासून भरावी. खर्च शून्य. यापुढे कापताना जमिनीजवळच्या पेराच्या अगदी वर कापावे, म्हणजे पडदा वरच राहतो आणि कप तयारच होत नाही. बुरूडकाम करणारे जाणते लोक असेच कापतात. हाच नियम कुंपणाला, मांडवाला, कपडे वाळवायच्या दोरीला उभ्या केलेल्या बांबूंनाही लावावा. त्यांची वरची उघडी टोकेही पावसाळ्यात पाणी धरतात आणि ती डोळ्यांच्या वर असल्याने कधीच दिसत नाहीत. एडिस दिवसा चावतो, हे लक्षात असू द्यावे. परसात खेळणारी मुले त्याला आयती सापडतात. ताप आला तर रक्त तपासून घ्यावे आणि तोवर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनची गोळी मनाने घेऊ नये. डेंग्यू असेल तर त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालते. पोटात जोराने दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची सुस्ती, यातले काही दिसले तर घरी थांबू नये.

सापांबद्दल वडीलधाऱ्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. बांबू सापाला बोलावत नाही. बेटाखाली साचलेला पानांचा जाड थर, आत पडलेल्या काटक्या, शेजारी रचलेल्या विटा आणि त्यात राहणारे उंदीर-बेडूक त्याला बोलावतात. नाग, घोणस, मण्यार यांना अशी जागा हवीच असते. बेट बुडापासून गुडघाभर मोकळे केले, आतले वाळके बांबू काढले, पाला गोळा करून दूरच्या खड्ड्यात खताला टाकला की साप आपोआप कमी होतात. मण्यारीचा चावा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला होतो, दुखत नाही, सुजतही नाही. सकाळी पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही. तेव्हा मांत्रिकाकडे नेण्यात एक मिनिटही घालवू नये, सरळ सरकारी रुग्णालय गाठावे. त्यावरची लस तिथे मोफत मिळते.

सापापेक्षा लहान, पण त्याच पाल्यातला आणखी एक शत्रू आहे. झुडपी गवतात, पालापाचोळ्यात राहणाऱ्या बारीक गोचिडीसारख्या कीटकाच्या अळ्या चावल्याने स्क्रब टायफस होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात या तापाने बळी घेतले तेव्हा त्याचे नाव घरोघरी पोहोचले. चावल्यापासून साधारण दहा-बारा दिवसांनी ताप आणि डोकेदुखी सुरू होते. काख, जांघ, कंबरपट्टा अशा झाकलेल्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसू शकते. प्रत्येकाला ती दिसतेच असे नाही. डॉक्सीसायक्लिन हे साधे, स्वस्त औषध वेळेत मिळाले तर रुग्ण बरा होतो, उशीर झाला तर फुप्फुसे आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात. नव्या घराचे परस पावसाळ्यात साफ करून पंधरवड्याच्या आत कुणाला ताप आला तर डॉक्टरांना ‘बेटात काम केले होते’ हे एवढे वाक्य न विसरता सांगावे. काम करताना पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट घालावेत. कोवळ्या बांबूच्या आवरणावरची बारीक लव अंगाला लागली तर खाज सुटते, तीही त्याने टळते.

कोंब खाण्याचाही प्रश्न येतो. पूर्व विदर्भात पावसाळ्यात वास्त्यांची भाजी आवडीने करतात. कच्च्या कोंबात टॅक्सिफायलिन नावाचे द्रव्य असते आणि कोंब चिरला-चावला की त्यातून विषारी हायड्रोजन सायनाइड सुटते. कापून, भरपूर पाण्यात उघड्या भांड्यात चांगले उकळून ते पाणी फेकून दिले की धोका जातो. जुन्या बायका हे नेमाने करत आल्या आहेत. नव्याने बेटाची मालकी आलेल्यांनी मात्र कोंब कच्चा चाखून बघू नये.

सौद्यात दोन प्रश्न आणखी विचारावेत. पहिला हद्दीचा. बेट घेराने वाढत गेल्याने ते मूळ कुंपण गिळून बसलेले असते आणि अर्धे शेजाऱ्याच्या जागेत गेलेले असते. विकणारा त्याला आपले म्हणतो, शेजारीही आपले म्हणतो. मोजणी करून घेतलेली बरी. तोडीच्या परवानगीची मात्र पूर्वीएवढी धास्ती उरलेली नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबू झाड म्हणून नोंदला गेला होता, आणि वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणत असताना कायदा नव्वद वर्षे त्याला झाडच म्हणत राहिला. २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला, त्यामुळे वनाबाहेरच्या, आपल्या मालकीच्या जागेतला बांबू कापणे, विकणे सोपे झाले. परसातल्या इतर झाडांना ही सूट नाही.

दुसरा प्रश्न विकणाऱ्याला विचित्र वाटेल: हे बेट कुठून आणले होते, आणि ते मूळ बेट अजून आहे का? बांबू आयुष्यात एकदाच फुलतो आणि फुलून बी धरले की मरतो. मानवेलीचे हे चक्र साधारण पंचवीस ते पंचेचाळीस वर्षांचे धरतात, क्वचित त्याहून लांबते. गंमत अशी की कंद तोडून लावलेल्या रोपाचे वय लावल्या दिवसापासून मोजायचे नसते. ते आईच्याच घड्याळावर चालते. दहा वर्षांपूर्वी लावलेले बेट पुढच्या वर्षी फुलू शकते, कारण ज्याचा कंद आणला ते बेट तेव्हाच म्हातारे होते. जंगलात असे फुलणे सगळीकडे एकदम होते तेव्हा बियांवर उंदरांची पैदास होते. मिझोराममध्ये १९५८-५९ साली असे झाले, उंदरांनी शेते फस्त केली, दुष्काळ पडला आणि त्या दुष्काळासाठी उभ्या राहिलेल्या संघटनेतून पुढे मिझो नॅशनल फ्रंट निघाली. परसातल्या एका बेटाने एवढे काही होत नाही. पण उंदीर वाढतात, आणि नंतर उभे वाळलेले अख्खे बेट उन्हाळ्यात घराशेजारी सरपणासारखे उभे राहते. गव्हाच्या ओंबीसारखे तुरे दिसले की त्याच हंगामात बी गोळा करावे आणि बांबू वाळायच्या आत कापून काढावेत. बांबू जाळला की वंश बुडतो असे म्हणतात. संस्कृतात वंश म्हणजे बांबूही. बंद पेरातली हवा तापून बांबू फटाक्यासारखा फुटतो आणि निखारे उडवतो, हे कारण मला जास्त पटते.

बेट ठेवायचे ठरले तर ते कापत राहावे लागते. न कापलेले बेट गुदमरते, आत मेलेल्या बांबूंची दाटी होते आणि वर सांगितलेला सगळा त्रास तिथून सुरू होतो. नवे बांबू कडेला येतात, जुने मधोमध असतात. म्हणून एका बाजूने घोड्याच्या नालेसारखी वाट मोकळी करून आत शिरावे आणि तीन वर्षांवरचे बांबू काढावेत. पावसाळ्यात कापू नये. तेव्हा कोंब मोडतात आणि पिठूळ साठ्यामुळे कापलेल्या बांबूला भुंगेरे लवकर लागतात. हिवाळ्यात कापून, बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवला तर तोच बांबू छपराखाली वर्षानुवर्षे टिकतो. आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही. सेवाग्रामची बापू कुटी माती आणि बांबूचीच आहे, आणि दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने बांबूची घरे कशी बांधावीत यावर वर्षानुवर्षे काम केले आहे.

घर पाहायला जायचे तर शक्यतो ऑगस्टमध्ये जावे. कोंब कुठवर आले आहेत, पाणी कुठे साचते, जोत्याजवळची माती किती फुगली आहे, हे सगळे तेव्हा उघड दिसते. उन्हाळ्यात मानवेल पाने गाळून उभी असते, तेव्हा गेलात तर जोत्यापासून बेटाच्या कडेच्या बांबूपर्यंतचे अंतर टेपने मोजून विसारपावतीच्या मागेच लिहून ठेवावे, आणि खुंटांत बोट घालून बघावे.